नऊशे नव्याण्णव वर्षांची जमीन

12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे उपनगरी गाडीची पहिली फेरी निघाली. वसई सोडल्यावर ती पांजूला थांबली आणि पांजूनंतर थेट बोरिवलीला. थांब्यांच्या त्या यादीत भाईंदर नाही आणि मिरा रोडही नाही. खाडीच्या मधोमध असलेल्या पांजू बेटावर आज स्टेशन उरलेले नाही, तिथल्या माणसांना मुख्य भूमीवर यायला होडीच धरावी लागते. आणि ज्या दलदलीतून ती गाडी न थांबता निघून गेली, तिथे 2011 च्या जनगणनेने 8 लाख 9 हजार 378 माणसे मोजली.

मिरा-भाईंदरला इतिहास नाही, हे वाक्य तिथे राहणाऱ्यांकडूनच जास्त ऐकू येते. ठाण्याला मासुंदा तलाव, वसईला किल्ला, मुंबईला तर सगळेच. आमच्याकडे काय, इमारती आणि गर्दी. समज इतका पक्का आहे की घोडबंदरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आयुष्य काढलेली माणसेही शिवकालीन वास्तू पाहायला रायगडाची बस पकडतात. रायगडाला जरूर जावे. पण या शहराचा इतिहास शोधायचा तर राजे आणि लढाया थोडा वेळ बाजूला ठेवून एकच प्रश्न धरावा लागतो: ही जमीन कुणाची? पाचशे वर्षांत तो पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे आणि प्रत्येक काळाने त्याला वेगळे उत्तर दिले आहे.

आधी जमिनीची घडण. साष्टी बेटाचे हे उत्तर टोक. उल्हास नदी ठाण्यापाशी फुटते. एक फाटा दक्षिणेला मुंबई बंदराकडे जातो, दुसरा घोडबंदरला वळसा घालून पश्चिमेला वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतो. आग्नेयेला आज राष्ट्रीय उद्यानात गेलेले काशी, चेणे, वर्सावेचे डोंगर. पश्चिमेला समुद्राला खेटून डोंगरी, चौक, पाली, उत्तन या गावांचा उंचवटा, ज्याला जुन्या कागदांत धारावी बेट म्हटले आहे. माहीमजवळच्या धारावीशी याचा संबंध नाही. या दोन उंचवट्यांमध्ये जे पसरले होते ते खाजण: भरतीला पाणी, ओहोटीला चिखल, कडेने तिवरे. आजचे मिरा रोड आणि भाईंदर बहुतांशी या मधल्या पट्ट्यात आहे. जुन्या गावांनी उंचवटे धरले ते उगाच नाही.

1534 च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहाने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. मोगल हुमायून पाठीवर असताना समुद्राकडून तरी आधार असावा, असा त्याचा हिशेब होता. पोर्तुगीजांनी वसईला आपल्या उत्तरेकडच्या प्रांताची राजधानी केली आणि गावे वाटून टाकली. वाटण्याची रीत अशी की एखाद्या फिडाल्गोला, म्हणजे खानदानी सरदाराला, एखादे गाव किंवा गावांचा गट ठरावीक वार्षिक धाऱ्यावर मिळायचा. धाऱ्याला फोरो म्हणत. बदल्यात त्याने वेळप्रसंगी घोडा आणि शिपाई घेऊन हजर व्हायचे. पट्टा सहसा तीन हयातींचा असे: घेणारा, त्याचा वारस आणि त्या वारसाचा वारस. कसणारा कुणबी, आगरी वा भंडारी या कागदात कुठेच नसायचा. तो जमिनीसोबत येत असे, झाडांसारखा.

या पद्धतीने घोडबंदरला काय उभे राहिले, याची साक्ष जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टराने दिली आहे. 1675 च्या सुमारास तो साष्टीतून फिरला. घोडबंदर त्याला मोठे, नीटनेटके गाव वाटले. मालक मार्टिन अल्फोन्सो. टेकडीच्या माथ्यावर त्याचे घर, गढी आणि चर्च, हिंदुस्थानात शक्य तितक्या थाटाचे. आणि गोव्याच्या अलीकडे याच्याइतका श्रीमंत डॉन दुसरा नाही, असेही फ्रायर सांगतो. त्याचे नावांचे स्पेलिंग भयंकर आहे, पण नजर चांगली आहे. अरबी घोड्यांचा व्यापार इथे चालायचा म्हणून घोडबंदर, असे सांगतात. घोडे किती उतरले हे बाजूला ठेवले तरी खाडीतून ठाण्याकडे जाणारे प्रत्येक गलबत या टेकडीखालून जाई, आणि ज्याच्या हातात टेकडी त्याच्या हातात खाडी, हे उघड होते. किल्ल्याचे काम टप्प्याटप्प्याने चालत राहिले आणि 1730 च्या सुमारास पुरे झाले असे मानतात.

पश्चिमेच्या धारावी बेटावर त्याच काळात दुसरे काम चालू होते. तिथला दगड चांगला. वसईच्या तटबंदीला आणि चर्चना लागणारा दगड याच डोंगरातून काढून खाडीपार नेला, अशी नोंद ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात आहे. म्हणजे पर्यटक वसईच्या किल्ल्यात ज्या भिंतींचे फोटो काढतात, त्यांतला बराच दगड भाईंदरचा. दगड बाहेर गेला आणि धर्म आत आला. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पाद्र्यांनी साष्टीत गावेच्या गावे ख्रिस्ती केली. त्यात सक्ती किती आणि राजीखुशी किती, यावर वाद आहेत आणि राहतील. पण उत्तनचा ख्रिस्ती कोळी आज घरात मराठीच बोलतो, त्याचा मिस्साही मराठीत होतो. जुन्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत ‘उंबराचं पाणी’ आणण्याची रीत आहे. कोणत्याही पोर्तुगीज पुस्तकात ती सापडणार नाही. हे लोक स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 1887 मध्ये, मुंबईत त्यांची संस्था स्थापन झाली तेव्हा हे नाव रुळले. कारण व्यवहाराचे होते: गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांशी नोकऱ्यांत स्पर्धा होती आणि आपण इथले, हे सरकारला ठसवून सांगायचे होते.

पोर्तुगीजांची दोनशे वर्षे संपली ती 1737 ते 1739 च्या वसई मोहिमेत. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या इथल्या घराण्यांनी पुण्याला वर्षानुवर्षे गाऱ्हाणी नेली होती. बाजीरावाने धाकट्या भावाला, चिमाजी अप्पाला, मोहिमेवर धाडले. 27 मार्च 1737 च्या रात्री मराठे ठाण्यात उतरले आणि घोडबंदर लगोलग पडले. नुकताच पुरा झालेला किल्ला सात वर्षेही टिकला नाही. तिथल्या शिबंदीला सावरायलाच वेळ मिळाला नसावा.

धारावीचे तसे झाले नाही, आणि माझ्या मते या भागातल्या लष्करी इतिहासाचे खरे प्रकरण तेच आहे. वसईचा किल्ला खाडीच्या उत्तर काठावर, धारावीचा डोंगर बरोबर समोर, दक्षिण काठावर. मधले पाणी वसईचा गळा. मुंबईहून वा गोव्याहून धान्य, दारूगोळा आणणारे प्रत्येक जहाज या डोंगराच्या नजरेखालून आत शिरणार. चिमाजी अप्पाच्या माणसांनी हे ओळखून चौकजवळ किल्ला बांधायला घेतला. पोर्तुगीजांनीही ते ओळखले आणि जागा हिसकावून घेतली. दरम्यान डिसेंबर 1738 मध्ये ठाणे परत घेण्याच्या प्रयत्नात त्यांचा सेनानी पेद्रु द मेलु तोफेच्या गोळ्याने मारला गेला. मग मार्च 1739 मध्ये मराठ्यांनी धारावी पुन्हा जिंकली आणि मे महिन्यात वसईने हात टेकले. सुरुंग, तटाला पडलेली खिंडारे आणि हजारो माणसांचे बळी, हे सगळे वसईच्या नावावर लिहिले गेले. धारावीच्या वाट्याला पाठ्यपुस्तकात ओळही आली नाही. आता चौकच्या किल्ल्यापाशी चिमाजी अप्पाचा पुतळा आहे. ते चांगलेच झाले. पण पुतळा पाहून परत फिरणाऱ्याने चार पावले पुढे जाऊन खाडीपलीकडे वसई दिसते का, ते पाहावे. किल्ला तिथेच का, हे कुठल्याही फलकापेक्षा तिथे जास्त कळते.

मराठ्यांच्या ताब्यात साष्टी जेमतेम सदतीस वर्षे राहिली. युरोपीय पाद्री निघून गेले, चर्चची जबाबदारी देशी धर्मगुरूंवर आली. 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांची झाली. पेशवाई बुडाली 1818 साली, हे आपण शाळेत घोकतो. साष्टीपुरती ती 44 वर्षे आधीच बुडाली होती. इंग्रजी अमलातले पहिले शतक इथे शांतच गेले. लढायला कुणी उरले नव्हते आणि कमवायला फार नव्हते. घोडबंदरच्या जुन्या चर्चचा उपयोग दौऱ्यावरचे साहेब मुक्कामाला करू लागले. फ्रायरने थाट पाहिलेल्या जागेची ही उतरती भाजणी.

मग 1870 साल येते.

त्या वर्षी सरकारने मिरे, भाईंदर आणि घोडबंदर या गावांच्या जमिनीचे हक्क रामचंद्र लक्ष्मणजी नावाच्या गृहस्थांना 999 वर्षांच्या पट्ट्याने दिले. अट होती खाऱ्या पाण्याची. भरतीचे पाणी शेतात शिरून जमीन नासते, म्हणून बांध घालायचे आणि ते राखायचे. त्या मोबदल्यात जमिनीच्या उत्पन्नातला वाटा घ्यायचा. लोकांच्या तोंडी हे घराणे झाले खोत. पोर्तुगीजांची मुदत तीन हयातींची होती. इंग्रजांनी एकदम हजाराला एक कमी दिली, म्हणजे 1870 चा करार 2869 साली संपणार. सरकारला एवढ्या लांबची घाई का झाली असेल? उत्तर बांधातच आहे. चिखलात मातीचा बांध घालणे म्हणजे दर पावसाळ्याला पैसे ओतणे. एखाद्या उधाणाने फुटला की पुढची दोन-तीन वर्षे भात नाही. असा खर्च सरकारला नको होता, आणि जो करील त्याला जमीन कधीतरी परत द्यावी लागेल ही धास्ती नसावी, एवढाच विचार त्यामागे दिसतो. कागदाच्या दृष्टीने व्यवहार चोख होता.

फक्त त्या जमिनीवर आधीपासून माणसे होती. राई, मुर्धे, नवघर, मिरे, काशी इथले आगरी शेतकरी खाऱ्या मातीत तग धरणारे लाल भात काढत होते, आणि खाजणाचे बांध घालणे ही त्यांचीच पिढीजात विद्या. फुटक्या बांधावर रात्री कंदील घेऊन धावायचे ते हेच, चिखल टाकायचे ते हेच. वाटा मात्र खोताला. साष्टीतल्या अशा इस्टेटींना असलेली महसूलमाफी 1951 च्या कायद्याने संपली. पण इथले हक्क त्याआधीच रामचंद्र लक्ष्मणजींच्या वारसांकडून इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे गेले होते. सातबाऱ्यावर आणि मालमत्ता पत्रकावर कंपनीचे नाव, बांधकामाला तिची ना-हरकत लागते की नाही, या भानगडी अगदी अलीकडच्या वर्षांपर्यंत मंत्रालयापासून न्यायालयापर्यंत गेल्या. बांध केव्हाच सिमेंटखाली गेले, शेती संपली, ज्या पिकाचा वाटा द्यायचा ते पीकही उरले नाही. कराराचा कागद तेवढा तगून आहे. महाराष्ट्रात वाडे-किल्ल्यांना वारसा म्हणतात. या शहराचा सर्वांत जिवंत वारसा हा एक भाडेपट्टा आहे, असे मला वाटते.

भाताच्या जोडीला मीठ. भाईंदरची मिठागरे इतकी विस्तीर्ण होती की लोकलच्या खिडकीतून पाहणाऱ्याला गावाची ओळख तीच. पावसाळा सरला की आगराची डागडुजी. वाफ्यांचे तळ पायांनी तुडवून घट्ट करायचे, कारण तळ मऊ राहिला तर मिठात माती येते. मग उधाणाची भरती साधून उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पाणी आत घ्यायचे, मोठ्या वाफ्यातून लहान वाफ्यात सोडत उन्हाने दाट करत न्यायचे. शेवटच्या उथळ वाफ्यात खडा धरला की लाकडी फावड्याने ओढून बांधावर रास करायची. मे अखेरपर्यंत जितके निघेल तितके. उन्हाचा ताप, पाण्यावरून डोळ्यांत घुसणारी चमक, पायांना मिठाने पडलेल्या भेगा, हा त्या कामाचा पगारापलीकडचा भाग. काही आगरे शिलोत्री, म्हणजे वंशपरंपरागत हक्काची, बाकीची सरकारी किंवा भाडेपट्ट्याची. इथेही पुन्हा तोच प्रश्न: मीठ पिकवणारा एक, जमिनीचा धनी दुसरा, आणि मिठावर कर घेणारा तिसरा. 1930 च्या सत्याग्रहात मीठ उचलणे हा गुन्हा कसा काय झाला, हे समजावून घ्यायला मिठागरातल्या मजुराला भाषणाची गरज पडली नसणार.

गाडीने हे सगळे हळूहळू बदलले. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने वसईच्या खाडीत लोखंडी खांब ठोकून पूल टाकला आणि 1864 च्या नोव्हेंबरात गुजरातकडून येणारा रूळ मुंबईत ग्रँट रोडला पोचला. खाडीवर पूल झाला हा इथल्या इतिहासातला तुकडा पाडणारा प्रसंग. शेकडो वर्षे ज्या घोडबंदराला महत्त्व होते ते जलमार्गामुळे. आता रस्ता रुळांचा झाला आणि वजन घोडबंदरहून भाईंदरकडे सरकले. 1936 मध्ये विरारपर्यंत विजेच्या गाड्या आल्या. तरीही पुढची चाळीस वर्षे ही गावे गावेच राहिली, कारण मुंबई अजून स्वतःच्या पोटात मावत होती. महापालिकेची हद्द 1957 मध्ये दहिसरपर्यंत आली आणि तिथे थांबली. दहिसरचा नाका ही मग केवळ जकातीची रेघ राहिली नाही. अलीकडे मुंबई, पलीकडे ठाणे जिल्हा. अलीकडे महापालिकेचे नळ, पलीकडे ग्रामपंचायतीची विहीर.

ही रेघच शहर उभे राहण्याचे कारण ठरली. भाडेनियंत्रणाने मुंबईत भाड्याची घरे बांधणे तोट्याचे केले होते, 1976 च्या कमाल नागरी जमीन धारणा कायद्याने मोकळी जमीन अडकली. गिरगाव, दादर, परळच्या चाळीतून लग्न झालेला मुलगा बाहेर पडू लागला तेव्हा त्याच्या पगारात बसणारे घर दहिसरच्या नाक्यापलीकडे होते. खाजणात भराव पडू लागले. बांध, उघाड्या, मिठाचे वाफे यांवर चार मजली इमारती आल्या, पहिल्या पहिल्या ग्रामपंचायतीच्या परवानगीवर. मिरा रोडच्या पूर्वेला शांतीनगर वसवले गेले. ते वसवणाऱ्या शांतीस्टार बिल्डर्सचे नाव प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. दुर्बल घटकांच्या घरांसाठी कमाल जमीन कायद्यातून मिळालेली सूट आणि घरांच्या वाढवलेल्या किमती यावरून खटला झाला आणि 1990 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जगण्याच्या हक्कात राहण्याजोग्या निवाऱ्याचा हक्क येतो. घटनेच्या 21 व्या कलमाचा हा अर्थ देशभर उद्धृत होतो. शांतीनगरात राहणाऱ्या किती जणांना त्याची कल्पना असेल, कोण जाणे.

असे शहर जगात एकटेच नाही. पॅरिसच्या उत्तरेला सार्सेल नावाचे गाव आहे. बाराव्या शतकात पाया घातलेले चर्च, भाजीचे मळे, 1954 मध्ये आठेक हजार वस्ती. त्यानंतर झाक-आंरी लाबूर्देत आणि रोजे बॉआलो या वास्तुविशारदांनी तिथे सरळ रेषांतल्या घरांच्या रांगा उभ्या केल्या आणि 1968 पर्यंत वस्ती पन्नास हजारांच्या पुढे गेली. दुकाने, शाळा, करमणूक मागून आली. तिथल्या कंटाळ्याला फ्रेंच वर्तमानपत्रांनी सार्सेलचेच नाव देऊन आजार ठरवला. इथवर मिरा रोड आणि सार्सेल सख्ख्या बहिणी. फरक मोठा एकच: तिथे घरे बांधणारी यंत्रणा सरकारी पैशाची होती, आखणी आधी झाली. इथे प्रत्येक बिल्डरने आपापल्या भरावापुरता नकाशा केला आणि नगरपालिका त्यानंतर जन्मली. फ्रान्समध्ये 1984 पासून दर सप्टेंबरात वारसादिन पाळतात, एरवी बंद असलेल्या जुन्या वास्तू लोकांना उघडतात. त्याचा फायदा पॅरिसच्या राजवाड्यांइतकाच अशा उपनगरांनाही झाला. शेजारी मध्ययुगीन चर्च आहे हे सार्सेलकरांना कळायलाही दार उघडावे लागतेच.

मिरा-भाईंदर नगरपालिका 12 जून 1985 रोजी झाली: भाईंदर, मिरे, काशी, नवघर, घोडबंदर या पाच ग्रामपंचायती एकत्र करून. 1990 मध्ये राई-मुर्धे, डोंगरी, उत्तन, चेणे, वर्सावे ही गावेही आत आली. 1991 च्या जनगणनेत वस्ती 1 लाख 75 हजार, 2001 मध्ये 5 लाख 20 हजार. दहा वर्षांत तिपटीजवळ! 28 फेब्रुवारी 2002 ला महापालिका झाली. या आकड्यांत कोण होते? चाळ सोडलेला कोकणी आणि घाटी मराठी माणूस. राजस्थान-गुजरातेतून आलेला जैन व्यापारी, ज्याने भाईंदर पश्चिमेला बावन्न जिनालय उभारले. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतला मोहल्ला सोडून नया नगरात आलेला मुसलमान. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत पॉलिशच्या चाकावर बसलेला उत्तर भारतीय कारागीर. भाईंदर पूर्वेच्या त्या गाळ्यांतून निघालेला डबा, ताट, पेला देशभर गेला. मिठानंतर शहराची दुसरी ओळख ती.

पाण्याची गंमत वेगळीच. तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या या शहराला स्वतःचा पिण्याच्या पाण्याचा साठा नाही. पाणी येते ते स्टेम, म्हणजे शहाड-टेमघर योजनेतून आणि एमआयडीसीकडून. शहाड उल्हासच्याच काठी. म्हणजे जी नदी खारी होऊन शहराच्या अंगणातून समुद्राला जाते, तिचेच गोडे पाणी वरच्या अंगाला उचलून, नळाने मैलोगणती फिरवून परत आणायचे. नव्वदच्या दशकात टँकरमागे हंडे घेऊन धावलेल्या बायकांना यात गंमत वाटणार नाही, हे मान्य. आता पालघर जिल्ह्यातल्या सूर्या प्रकल्पातून रोज 218 दशलक्ष लिटर पाण्याची योजना आहे. त्या धरणाखालच्या शेतकऱ्यांनी, आदिवासींनी विचारले: आमच्या सिंचनाचे काय? बांध कुणी घालायचा आणि वाटा कुणी घ्यायचा, हा 1870 चाच प्रश्न, शंभर किलोमीटर दूर जाऊन.

उत्तनकडे मात्र काळ थोडा सावकाश चालतो. पातान बंदर, भाटेबंदर, चौक, पाली: डोल जाळ्यांच्या होड्या, वलांड्यांवर सुकणारे बोंबील, दर्यावर्दींच्या नवसाला पावणारी वेलंकणी माता आणि तेवढ्याच श्रद्धेने पुजली जाणारी धारावी देवी. पण शहराने आपला कचरा नेऊन टाकला तो या गावांच्या उशाशी, डोंगरीच्या माथ्यावर, आणि तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे धुराविरुद्ध मोर्चे काढले. ज्या डोंगराच्या दगडाने वसई बांधली त्याला ही परतफेड. शहराचा सर्वांत जुना भाग त्याच्या कचरापेटीशेजारी असावा, हा नियोजनाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. ज्यांना ठिकाणाचा इतिहास ठाऊक नसतो, त्यांना ती जागा नकाशावर रिकामी दिसते.

घोडबंदरच्या किल्ल्याची डागडुजी आणि सुशोभीकरण महापालिकेने हाती घेतले, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दिवे, पायऱ्या, बाग हवीच. फक्त किल्ल्याला एकच मालक चिकटवण्याचा मोह टाळावा. पोर्तुगीजांनी बांधला, मराठ्यांनी जिंकला, इंग्रजांनी मुक्कामाला वापरला, दगड वाहिला तो इथल्या माणसांनी. हे चारही एका फलकावर मावतात. आणि किल्ल्याबरोबर एखादे मिठागरही राखावे: चालते, उघाडीसकट, पोरांना मीठ कसे पिकते ते दाखवायला. कच्छचे मीठ स्वस्त झाल्यापासून इथले आगर परवडत नाही, हे खरे. संग्रहालय कुठे परवडते?

राहता राहिला जमिनीचा प्रश्न, आणि तो आता इतिहासात नाही, तुमच्या सोसायटीच्या कपाटात आहे. ऐंशीच्या दशकात भरावावर उभ्या राहिलेल्या इमारती चाळिशी ओलांडत आहेत. त्या पाडून नव्या बांधायच्या तर आधी जमीन सोसायटीच्या नावावर लागते. 1963 च्या फ्लॅट मालकी कायद्याने बिल्डरने ती करून द्यायला हवी होती. अनेकांनी दिली नाही, म्हणून 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, सगळे ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात त्याची, वाट काढून दिली. तरी घर आपले आणि जमीन भलत्याची, अशा अवस्थेत या शहरातली असंख्य कुटुंबे आहेत. सभासदांनो, पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या भांडणाआधी हा विषय घ्या. मूळ खातेदार कोण, करारनामे कुठे आहेत, सातबाऱ्यावर कुणाची नावे आहेत, ते काढा. आणि गावठाणातल्या जुन्या घरांना एवढीच विनंती: खोताची पावती, मिठागराचा पट्टा, बांधाच्या खर्चाची वही हाती लागली तर रद्दीत घालू नका. तिची एक प्रत वाचनालयात द्या.